पूर मॉडेलिंग सॉफ्टवेअरची वापरकर्ता परिषद आणि डिझायनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरचे पडदे आखणे हे माझे काम आहे. अशा सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांची परिषद भरते तेव्हा मी भाषणे ऐकते, प्रशिक्षण सत्रांत मागे उभी राहून लोकांचे पडदे पाहते, आणि जिथे लोक आपली अडलेली मॉडेले घेऊन येतात त्या मदत कक्षात सर्वाधिक वेळ काढते. त्याबद्दल इतर डिझायनर, प्रोग्रामर आणि कधीकधी स्वतः अभियंतेही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. जलगतिकीच्या, म्हणजे वाहत्या पाण्याच्या शास्त्राच्या, बाबतीत अंतिम शब्द अर्थातच अभियंत्यांचा.

पूर मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर नेमके काय करते?

किती पाणी कुठून येणार आहे हे सांगितल्यावर ते पाणी कुठे पसरेल, किती खोल असेल, किती वेगाने वाहील आणि किती वेळ थांबेल, याचा हिशेब ते करते. त्यासाठी जमिनीच्या उंचीची माहिती, नदीपात्राचे छेद (ठिकठिकाणी घेतलेले पात्राचे आडवे काप), पूल, मोऱ्या व बंधारे यांची मापे, पृष्ठभाग पाण्याला किती अडवतो याचा अंदाज, आणि मॉडेलच्या कडांवर पाणी कसे आत येते व कसे बाहेर पडते हे सांगणाऱ्या सीमा-अटी द्याव्या लागतात. मुळाशी असलेली समीकरणे जुनी आहेत. फ्रान्सच्या सँ-व्हनाँ यांनी ती १८७१ मध्ये मांडली, आणि पृष्ठभागाच्या अडथळ्यासाठी आजही सर्रास वापरला जाणारा गुणांक एकोणिसाव्या शतकातील आयरिश अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाने ओळखला जातो. एकमितीय मॉडेल नदीकडे ओळीने घेतलेल्या छेदांची मालिका म्हणून पाहते. द्विमितीय मॉडेल पूरमैदानावर चौकोनी किंवा त्रिकोणी सेलचे जाळे टाकून प्रत्येक सेलमधील पाण्याची पातळी काढते. आणि प्रत्यक्षात पुष्कळ मॉडेलांत या दोन्हींची सांगड घातलेली असते. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाचे हेक-रास, ऑस्ट्रेलियात विकसित झालेले टफ्लो आणि डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेचे माइक ही या क्षेत्रातील परिचित नावे होत.

वापरकर्ता परिषदेत काय काय असते?

नव्या आवृत्तीची घोषणा, विकासकांची तांत्रिक भाषणे, वापरकर्त्यांनी सादर केलेले प्रकल्प, प्रशिक्षणाचे वर्ग आणि मदत कक्ष, असा साधारण साचा असतो. यांपैकी नव्या आवृत्तीच्या घोषणेला सर्वाधिक गर्दी होते, पण डिझायनरच्या हाती तिथून फारसे काही लागत नाही, कारण त्या घोषणेतला मजकूर त्याला आधीच ठाऊक असतो. प्रकल्पांच्या सादरीकरणात मात्र ज्या स्लाइड झटपट पुढे ढकलल्या जातात त्यांच्याकडे बारकाईने पाहावे. पडद्याच्या चित्रांवर हाताने काढलेले बाण, स्प्रेडशीटमधून आणलेले तक्ते आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रंगवलेले नकाशे हे सगळे तिथे दिसते. आपल्या सॉफ्टवेअरने जे काम करायला हवे होते आणि केले नाही, त्याची ती न मागता मिळालेली यादी असते.

या सॉफ्टवेअरचा वापरकर्ता म्हणजे नेमका कोण?

या एका प्रश्नाचे उत्तर परिषदेमुळे माझ्यापुरते पार बदलले. म्हणून येथे थोडे थांबते.

कागदोपत्री वापरकर्ता म्हणजे मॉडेल बांधणारा अभियंता. आपण आखतो ते पडदे, आपण लिहितो ते मदतपाठ आणि आपण घेतो त्या चाचण्या, सगळे त्यालाच नजरेसमोर ठेवून चाललेले असते. पण लोक आपले काम कसे झाले हे सांगू लागतात, तेव्हा मॉडेल बांधण्याची गोष्ट लवकर संपते आणि ते दुसऱ्याला पटवून देण्याची गोष्ट सुरू होते. वरिष्ठ अभियंता ते तपासतो, मग काम सोपवणारी संस्था आपला तपासनीस नेमते, मग नियोजन खात्यातील कुणीतरी एका पुलाबद्दल शंका काढते, आणि काही वर्षांनी ज्याने ते मॉडेल कधी पाहिलेलेही नाही असा एक तरुण अभियंता ते उघडून त्यात नवा रस्ता घालू पाहतो. या सगळ्यांना मॉडेल बांधायचे नसते. त्यांना ते वाचायचे असते, आणि बांधणाऱ्याने कोणता निर्णय का घेतला हे शोधायचे असते.

मदत कक्षात एका तपासनिसाला काम करताना मी पाहिले. समोर उघडलेल्या मॉडेलमध्ये एका मोरीचा आकार सर्वेक्षणातील मापापेक्षा लहान दिला होता. ती चूक असू शकत होती, किंवा पुरात वाहून येणाऱ्या कचऱ्याने तोंड काही अंशी बुजेल असे गृहीत धरून मुद्दाम केलेला बदल असू शकत होता, आणि हा बदल अनुभवी माणसे सर्रास करतात. तपासनिसाने गुणधर्मांची खिडकी उघडली, तिथे फक्त आकडा होता. मग अहवाल उघडला, तिथे मोरीचा उल्लेख नव्हता. मग जुन्या ईमेल चाळायला सुरुवात झाली. आकड्यामागचे कारण लिहायला सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती, आणि ती असावी असे आजवर कुणी मागितलेही नव्हते, कारण मागण्या नोंदवणारे बहुतेक जण मॉडेल बांधणारे असतात आणि कारण त्यांच्या डोक्यात असतेच.

म्हणून माझे मत असे आहे की या क्षेत्रातील डिझायनरने सर्वप्रथम तपासणाऱ्याचा विचार करावा. जो पडदा तपासणाऱ्याला उपयोगी पडतो तो बांधणाऱ्यालाही पडतो, कारण पुढच्याच महिन्यात तोही स्वतःच्या मॉडेलचा परका वाचक झालेला असतो. याच्या उलट क्रमाने गेल्यास तसे घडत नाही.

वापरकर्त्यांच्या मागण्यांची यादी करून आणली तर पुरेसे नाही का?

यादी जरूर आणावी, पण तिला शब्दशः धरून बसू नये. एकाच पडद्यावर बारा नकाशे मांडता यावेत ही मागणी घ्या. मागणारा ठाम असतो, त्याच्या मागे माना डोलावणारेही असतात. मात्र तो प्रत्यक्षात कसे काम करतो हे दाखवायला सांगितले की कळते, त्याला बारा नकाशे पाहायचेच नसतात. मूळ परिस्थिती आणि प्रस्तावित बांध यांत पाण्याची पातळी कुठे वाढली, एवढे एकच पाहायचे असते, आणि वजाबाकीचा नकाशा करायला इतके टप्पे लागतात की त्यापेक्षा नकाशे शेजारी शेजारी ठेवून डोळ्यांनी फरक शोधणे त्याला परवडते. अशा वेळी बारा खिडक्या दिल्या तर मागणी पूर्ण होते आणि अडचण जिथल्या तिथे राहते.

मागणीपेक्षा फोल्डर जास्त बोलके असते. परवानगी घेऊन एखाद्याच्या प्रकल्पाचे फोल्डर पाहावे. 'अंतिम', 'अंतिम_सुधारित', 'अंतिम_सुधारित_पूल_बदलून', 'हेच_वापरा' अशा नावांच्या ओळी दिसतात, आणि शेजारी एक स्प्रेडशीट असते, ज्यात कोणता रन (मॉडेल एकदा चालवून केलेला पूर्ण हिशेब) कशासाठी केला हे हाताने लिहिलेले असते. टफ्लोमध्ये घटना आणि परिस्थिती यांची खूण फाइलच्या नावातच गुंफण्याची सोय अधिकृतपणे दिलेली आहे, आणि ती लोकप्रिय आहे यात आश्चर्य नाही. पावसाचे चार प्रकार, समुद्राच्या भरतीच्या दोन पातळ्या आणि प्रस्तावाचे तीन पर्याय धरले तरी चोवीस रन होतात, आणि त्यांचा माग ठेवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. ती स्प्रेडशीट म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरचा न बांधलेला पडदा आहे.

मजकुरी फाइलींवर चालणारे सॉफ्टवेअर मागासलेले मानावे का?

नाही. डिझायनर म्हणून खिडक्या आणि बटणे यांच्या बाजूने बोलण्याची माझ्याकडून अपेक्षा असते, पण या बाबतीत मजकुराची बाजू भक्कम आहे. हेक-रास १९९५ मध्ये आले ते स्वतःच्या खिडक्या घेऊनच, आणि २०१६ च्या पाचव्या आवृत्तीत द्विमितीय प्रवाह आला तेव्हा त्याचे जाळे आखण्याची आणि निकाल नकाशावर पाहण्याची सोयही त्याच घरात मिळाली. टफ्लोने परंपरेने दुसरी वाट धरली: मॉडेलचे वर्णन साध्या मजकुराच्या नियंत्रक फाइलींत, भौगोलिक थर जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये, आणि मधे स्वतःचा पडदा जवळजवळ नाहीच. नवख्याला ती वाट चढाची वाटते. पण मजकुरी फाइलीत ओळीच्या बाजूला शेरा लिहिता येतो, जुनी ओळ न पुसता निष्क्रिय करून ठेवता येते, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून नेमके काय बदलले हे काही सेकंदांत काढता येते. तपासणाऱ्याला हेच तर हवे असते.

खिडक्यांचे बलस्थान वेगळे आहे. उंचीच्या नकाशावर बांधाची रेषा ओढताना, जाळ्याच्या सेलच्या कडा रस्त्याच्या भरावाशी जुळल्या आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहावेच लागते; कडा चुकली तर पाणी भरावातून झिरपल्यासारखे आरपार जाते आणि निकाल वरवर सुरेख दिसतो. तेव्हा वाद मजकूर की चित्र असा नसावा. खिडकीत केलेला प्रत्येक बदल वाचता येईल अशा ओळीच्या रूपात कुठेतरी उमटला पाहिजे, ही अट पाळली तर दोन्ही पंथांचे लोक समाधानी राहतात, असा माझा अनुभव आहे.

रन चालू असताना पडद्यावर काय दाखवावे?

बहुतेक डिझायनर येथे प्रगतीची पट्टी काढून मोकळे होतात. पूर मॉडेलच्या बाबतीत ती पट्टी धडधडीत खोटे बोलू शकते, आणि का ते समजून घेण्यासाठी थोडे गणित पाहावे लागते.

पाण्यावरील लाट जितकी वेगाने जाते तितकी हिशेबाची टाइम स्टेप, म्हणजे एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतचे काळाचे पाऊल, लहान ठेवावी लागते, अन्यथा एका पावलात लाट सेल ओलांडून पुढे निघून जाते आणि आकडे उधळतात. कूरांट, फ्रिड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्ये मांडलेली अट ती हीच. चार मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास असतो. प्रवाहाचा स्वतःचा वेग दोन मीटर धरला आणि सेल पाच मीटरचा असला, तर एक्स्प्लिसिट पद्धतीच्या (आधीच्या क्षणाच्या आकड्यांवरून थेट पुढचा क्षण काढणाऱ्या) सॉफ्टवेअरला साधारण ०.६ सेकंदाची पावले टाकावी लागतात, म्हणजे एका दिवसाच्या पुरासाठी सुमारे १,४४,००० पावले. पूर चढत जातो तसे पाणी खोल होते, पावले आणखी लहान होतात, भिजलेल्या सेलची संख्या वाढते, आणि पहिल्या तासात भरभर सरकलेली पट्टी पुराच्या शिखराजवळ येऊन रेंगाळते. सेलची बाजू निम्मी केली तर सेल चौपट होतात आणि पावले दुप्पट, म्हणजे काम आठपट. दोन तासांचा रन सोळा तासांवर जातो. ग्राफिक प्रोसेसरमुळे हा काळ पुष्कळ खाली आला, पण लोकांनी वाचलेल्या वेळेत सेल आणखी लहान केले, त्यामुळे वाट पाहणे काही संपलेले नाही.

किती झाले यापेक्षा चालू ठेवण्याजोगे आहे का, हे वापरकर्त्याला जाणून घ्यायचे असते. रात्रभर चाललेला रन सकाळी निरुपयोगी निघाला, तर मुदतीतला एक दिवस गेला. म्हणून अनुभवी माणसे पट्टीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ती लॉग फाइलीच्या धावत्या ओळींवर नजर ठेवून असतात. आत आलेले, साठलेले आणि बाहेर गेलेले पाणी यांचा ताळा किती जमतो, हा आकडा त्यांना हवा असतो, आणि त्रुटी एक टक्क्याच्या आत असावी असा ढोबळ दंडक पुष्कळ जण पाळतात. टाइम स्टेप एकाएकी घसरली तर कोणत्या सेलमुळे घसरली हे त्यांना पाहायचे असते. तो सेल बहुधा उंचीच्या मॉडेलमधील एखाद्या खड्ड्यात, पुलाच्या खांबापाशी किंवा मॉडेलच्या खालच्या कडेला सापडतो. ताळ्याचा आलेख, टाइम स्टेपचा आलेख आणि सर्वाधिक त्रास देणाऱ्या काही सेलांचा नकाशा, एवढे तीन तुकडे पट्टीच्या जागी ठेवावेत, आणि रन थांबवण्याचे बटण सहज सापडेल असे असावे.

इशारे फार येतात, ते कमी करावेत का?

लपवू नयेत, पण गटांत बांधावेत. एकाच कारणाने आलेले चारशे इशारे ही एक ओळ आणि एक नकाशा व्हायला हवा. शिवाय 'पाहिले, या कारणाने मान्य' असे नोंदवण्याची सोय असावी, म्हणजे तपासणाऱ्याला तेच चारशे पुन्हा नव्याने वाचावे लागणार नाहीत.

पुराच्या नकाशाचे रंग हा तर डिझायनरचा प्रांत. त्याबद्दल परिषदेत काय शिकायला मिळते?

रंगांचे मूलभूत नियम परिषदेला न जाताही सांगता येतात. इंद्रधनुष्यी रंगपट्टी टाळावी, कारण तिच्यात पिवळ्याजवळ नसलेला उंबरठा दिसतो आणि हिरव्यात असलेला फरक बुजतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांपैकी एकाला रंग ओळखण्यात अडचण असते, तेव्हा लाल-हिरव्याच्या जोडीवर अर्थ टांगू नये. खोलीसाठी एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्याव्यात. हे सगळे खरे आहे आणि तुलनेने किरकोळ आहे.

खरे पाणी मुरते ते रंग लावण्याच्या आधी घेतलेल्या निर्णयांत. पाऊस थेट जाळ्यावर पाडणाऱ्या मॉडेलमध्ये प्रत्येक सेल थोडा तरी ओला होतो, त्यामुळे अमुक खोलीच्या खालचे पाणी दाखवायचे नाही असा उंबरठा ठरवावा लागतो. तो पाच सेंटिमीटर ठेवला की दहा, यावर एखादी वस्ती नकाशात येते किंवा नकाशातून वगळली जाते. हा उंबरठा पुष्कळदा नकाशावर कुठेच लिहिलेला नसतो, कारण सॉफ्टवेअर तो दिसण्याच्या सेटिंगांत टाकते आणि निर्यात करताना विसरते. माझ्या मते नकाशाच्या सूचीत त्याची ओळ आपोआप यावी आणि ती काढायची असेल तर वापरकर्त्याला मुद्दाम काढावी लागावी.

दुसरी गोष्ट कमाल खोलीच्या नकाशाची. तो पाहणाऱ्या सामान्य माणसाला वाटते की पुराच्या एका क्षणाचे हे चित्र आहे. तसे ते नसते. प्रत्येक सेलने पूर्ण रनमध्ये गाठलेली सर्वाधिक पातळी तिथे लावलेली असते, आणि नदीच्या वरच्या भागातील शिखर खालच्या भागाच्या कित्येक तास आधी येऊन गेलेले असू शकते. धोक्याच्या नकाशात हा गुंता वाढतो. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक तत्त्वांत पूरधोक्याचे एच१ ते एच६ असे सहा वर्ग केले आहेत आणि ते खोली, वेग व त्या दोहोंचा गुणाकार यांवर ठरतात. त्यांत लहान गाड्यांसाठी सुरक्षित मानलेली खोली जेमतेम ०.३ मीटर आहे. आता वेगाचे शिखर बहुधा पाणी चढत असताना येते आणि खोलीचे त्यानंतर. कमाल खोलीला कमाल वेगाने गुणले तर कधीच न घडलेल्या क्षणाचा धोका मिळतो; प्रत्येक पावलाला गुणाकार करून त्याचे कमाल मूल्य ठेवले तर खरा मिळतो. दोन्ही नकाशे सारखेच देखणे दिसतात. कोणता कोणत्या रीतीने काढला हे फाइलीच्या आतच लिहिलेले असावे, अशी मागणी करणारे लोक मला परिषदेत भेटले, आणि रंगांबद्दलच्या कोणत्याही सूचनेपेक्षा मला ती मोलाची वाटते.

'१०० वर्षांचा पूर' हे शब्द सॉफ्टवेअरमधून काढून टाकावेत का?

माझे उत्तर होय असे आहे, कारण ऐकणाऱ्याला त्यातून असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो असे वाटते. कोणत्याही एका वर्षी १ टक्का शक्यता, असे लिहावे आणि जमल्यास शेजारी काळही द्यावा: तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. अभियंत्यांना हे पाठ असते, पण त्यांचा नकाशा शेवटी ज्यांच्या टेबलावर जातो त्यांना नसते.

अनिश्चितता दाखवण्याबद्दल अभियंत्यांचे काय म्हणणे असते?

दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच दमात ऐकू येतात. एक, अनिश्चितता दाखवलीच पाहिजे. दोन, नियोजनकर्त्याला पूररेषा म्हणून एकच रेषा हवी असते आणि पट्टा दिला तर तो परत पाठवतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

रेषा किती हलू शकते हे समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरतो. विमानातून लेझरने मोजलेल्या उंचीत चांगल्या परिस्थितीतही दहा-पंधरा सेंटिमीटरची चूक असू शकते. जमिनीचा उतार हजारात एक असेल तर उभ्या दिशेतील पंधरा सेंटिमीटर म्हणजे आडव्या दिशेत १५० मीटर. पडद्यावर मात्र त्याच जागी केसाएवढी बारीक, ठाम निळी कड असते. त्यात मॅनिंगच्या गुणांकाची भर घाला: काँक्रीटच्या अस्तराला ०.०१३ च्या आसपास आणि स्वच्छ, सरळ नैसर्गिक पात्राला ०.०३ यावर फारसा वाद होत नाही, पण दाट झुडपांच्या पूरमैदानाला ०.०७ पासून ०.१६ पर्यंत काहीही समर्थनीय ठरते. पुराच्या जुन्या खुणांशी मॉडेल जुळवून घेतले तरी प्रश्न सुटत नाही, कारण गुणांकांचे वेगवेगळे संच तितकेच चांगले जुळू शकतात. कीथ बेव्हन आणि अँड्र्यू बिन्ली या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत याच अडचणीतून निघाली, आणि तिच्यात एका 'योग्य' मॉडेलऐवजी जुळणाऱ्या अनेक मॉडेलांना त्यांच्या जुळण्याच्या प्रमाणात वजन दिले जाते.

डिझायनरकडे यावर सोपा तोडगा नाही. धूसर कडा, ठिपक्यांची रेषा, संभाव्यतेच्या छटा हे सगळे करून पाहता येते, पण नियोजनाच्या कागदावर शेवटी रेषाच उमटते. मला व्यवहार्य वाटलेला मार्ग असा की रेषा द्यावी, आणि त्या रेषेला स्पर्श केल्यावर ती कोणत्या गृहीतकाने सर्वाधिक हलते हे दिसावे. एका टोकाला गुणांक, दुसऱ्या टोकाला खालची सीमा-अट, तिसरीकडे मोरी बुजण्याचे प्रमाण. कारण ठिकाणागणिक बदलते. 'येथे पातळी ०.२ मीटरने वर-खाली होऊ शकते' या वाक्यापेक्षा 'येथील पातळी पुलाखालून पाणी जाण्याची वाट मोकळी राहण्यावर अवलंबून आहे' हे वाक्य निर्णय घेणाऱ्याला अधिक उपयोगी पडते.

सॉफ्टवेअर सोपे केले तर ते अजाण हातांत पडेल, ही भीती रास्त आहे का?

प्रत्येक परिषदेत कुणीतरी ज्येष्ठ अभियंता ही भीती बोलून दाखवतो, आणि तरुण मंडळी आपसांत नजर मिळवतात. भीतीचा अर्धा भाग मला मान्य आहे. जाळे आपोआप तयार होते, गुणांक आपोआप भरले जातात, रन विनातक्रार संपतो आणि नकाशा छापला जातो. मधे कुठेही माणसाला थांबून विचार करावा लागत नाही. पण यावर उपाय म्हणून खिडक्या अवघड ठेवणे म्हणजे शहाणपणाची परीक्षा सहनशक्तीवर घेणे होय. किचकट पडद्यावर ठेचकाळणाऱ्यांत जाणकारही असतातच.

अडचण सोपेपणात कमी आणि न बोलणाऱ्या पूर्वनिर्धारित मूल्यांत जास्त आहे. सॉफ्टवेअरने भरलेला आकडा आणि माणसाने विचार करून ठेवलेला आकडा पडद्यावर एकसारखे दिसतात, आणि ते तसे दिसू नयेत. न छेडलेले मूल्य फिकट किंवा तिरक्या अक्षरांत असावे, ते मान्य करण्यासाठी निदान एक कृती करावी लागावी, आणि अहवालात 'सॉफ्टवेअरची मूळ मूल्ये' असा वेगळा तक्ता यावा. तो तक्ता फार लांब असेल तर तपासणाऱ्याला पुढे काय करायचे हे सांगावे लागत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल काय ऐकू येते?

उत्साह पुष्कळ. प्रत्यक्ष मॉडेलच्या शेकडो रनांवरून शिकवलेले जलद मॉडेल काही सेकंदांत पुराचा अंदाज देते, आणि पूर्वसूचनेच्या कामात, जिथे तासभरही थांबता येत नाही, तिथे त्याचे मोल उघड आहे. अडचण येते ती शिकवलेल्या मर्यादेबाहेरचा पाऊस आला म्हणजे, किंवा मधे नवा भराव उभा राहिला म्हणजे. अशा वेळी अंदाज तितक्याच ठामपणे येतो, पण त्याला आधार उरलेला नसतो. म्हणून जलद अंदाजासोबत तो शिकवणीच्या परिघात बसतो की बाहेर, एवढे तरी दिसायलाच हवे. बाकी चर्चा मला जरा घाईची वाटली.

परिषदेत भेटणाऱ्या लोकांवरून सर्व वापरकर्त्यांचा अंदाज बांधता येतो का?

नाही. परिषदेला येतात ते उत्साही, अनुभवी आणि ज्यांच्या कार्यालयाला खर्च झेपतो असे लोक. त्यांना शॉर्टकट तोंडपाठ असतात आणि वीस वर्षांपूर्वीच्या मेनूची जागा बदलल्याचा राग अजून असतो. वर्षातून एकदाच मॉडेल उघडणारा अधिकारी, एकट्याने काम करणारा सल्लागार, नुकताच रुजू झालेला अभियंता आणि फक्त तपासणी करणारी व्यक्ती ही सहसा तिथे नसतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग परिषदेतूनच जातो: भेटलेल्या प्रत्येकाला 'तुमचे मॉडेल तुमच्यानंतर कोण उघडते?' असे विचारावे आणि त्या व्यक्तीशी नंतर बोलावे.

नवी रचना तिथे दाखवून मते घ्यावीत का?

सभागृहात दाखवू नये. समोर बसलेले दोनशे जण पडद्याबद्दल मत देतात, कामाबद्दल नाही, आणि पहिला मोठा आवाज बाकीच्यांचे मत ठरवून टाकतो. त्यापेक्षा मदत कक्षाच्या एका कोपऱ्यात, एका वेळी एकाला, त्याच्याच मॉडेलवर ते वापरू द्यावे आणि आपण बोलू नये. तयार नमुना मॉडेलवर सगळे नेहमीच सुरळीत चालते. खऱ्या मॉडेलमध्ये चुकीच्या दिशेने काढलेला छेद असतो, एकमेकांवर चढलेले थर असतात, आणि आपली सुबक रचना पहिल्या मिनिटात अडखळते.

परिषदेनंतर रचनेत प्रत्यक्षात काय बदलते?

पहिला बदल लहान होता: प्रत्येक गुणधर्माच्या शेजारी कारण लिहिण्याची एक ओळ, आणि ती ओळ अहवालात आपोआप उतरण्याची सोय. दुसरा मोठा आहे आणि अजून चालू आहे. मॉडेल फक्त वाचण्यासाठी उघडण्याची एक वेगळी रीत आम्ही आखत आहोत, जिच्यात काहीही बदलता येत नाही, पण मूळ मूल्यांपासून कुठे फारकत घेतली, कोणत्या मोऱ्या सर्वेक्षणाशी जुळत नाहीत आणि दोन रनांत नेमके काय वेगळे आहे, हे क्रमाने चालत पाहता येते. यासाठी विकासकांचे मन वळवणे सोपे नसते, कारण विक्रीच्या पत्रकात 'नवे जाळे दुप्पट वेगवान' या ओळीला जे वजन असते ते 'तपासणी सुसह्य' या ओळीला नसते. त्यांना आकड्यांपेक्षा त्या मोरीची गोष्ट सांगितली तर लवकर पटते.

लोकांच्या मॉडेलांची छायाचित्रे किंवा प्रती घेता येतात का?

विचारल्याशिवाय नाही, आणि विचारल्यावरही पुष्कळदा नाही म्हणतात ते योग्यच असते. जाहीर न झालेल्या पूररेषेत कुणाच्या तरी घराची किंमत, विमा आणि बांधकामाची परवानगी अडकलेली असते. मी जागेची नावे न घेता, नकाशा न काढता, फक्त कृतींचा क्रम टिपते: काय उघडले, काय शोधले, कुठे थांबले, कोणत्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले. टिपण त्याच संध्याकाळी संबंधित व्यक्तीला वाचून दाखवते. निम्म्या वेळा ती एखादी पायरी दुरुस्त करते, आणि ती दुरुस्तीच बहुधा पुढच्या आराखड्यात जाते.